जबड्याच्या ऑपरेशननंतर ऊसतोड, हमाली, शेतीकाम: केव्हा सुरू करावे?

जबड्याचे हाड मोडले, ऑपरेशन करून प्लेट बसवली, टाके विरघळले, सूज उतरली. तिसऱ्या आठवड्यात रुग्णाचा एकच प्रश्न असतो: कामाला कधी जाऊ? परभणी जिल्ह्यात हा प्रश्न दसरा-दिवाळीच्या सुमारास जास्त निकडीचा होतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे एकाने घरी बसायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडते. ‘अजून थांबा’ हे सांगायला डॉक्टरला काही पडत नाही, रुग्णाला मात्र ते महागात जाते, याची मला जाणीव आहे. तरीही काही आठवडे थांबावेच लागते.

मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे, जबड्याचा सर्जन नाही. तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळी मुदत दिली असेल तर तीच पाळा.

दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नाही

जबड्याचे हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत कामापुरते जुळते. दुखणे मात्र त्याच्या किती तरी आधी, बहुधा दोन-तीन आठवड्यांत कमी होते. सगळा घोटाळा या मधल्या काळात होतो. माणसाला बरे वाटते, आणि आत हाड अजून कच्चे असते. ते त्या वेळी प्लेटच्या आधारावर उभे असते. या टायटॅनियमच्या प्लेट लहान आणि पातळ असतात. हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम. रोजचा जोर बसू लागला तर स्क्रू ढिले होतात, प्लेट वाकते, पू होतो, आणि दुसरे ऑपरेशन करावे लागते.

‘मी ओझे डोक्यावर नेतो, तोंडाने नाही, मग जबड्याचा काय संबंध?’ असे बरेच जण विचारतात. घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला भरलेली बादली झटक्यात उचलायला सांगा आणि त्याच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटे ठेवा. तिथला स्नायू टणक झालेला लागेल. जड वजन उचलताना आपण नकळत दात आवळतो, आणि तो सगळा जोर मोडलेल्या जागेवर जातो. शिवाय श्वास रोखून जोर केला, किंवा खाली वाकून कोयता चालवला, की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्यामुळे ठणका लागतो, सूज परत येते, कधी जखमेतून रक्तही येते.

दात तारेने बांधलेले असतील तर

काही रुग्णांचे वरचे-खालचे दात ४ ते ६ आठवडे तारेने किंवा रबराने एकत्र बांधून ठेवतात. या काळात कष्टाचे काम अजिबात नको. दम लागला की आपण तोंड उघडतो, इथे ते उघडत नाही. उलटी झाली तर ती घशात अडकू शकते. म्हणून तार तोडायची पक्कड चोवीस तास जवळ ठेवा आणि कोणती तार तोडायची हे घरातल्या दोघांना तरी सर्जनकडून दाखवून घ्या. उलटी आली तर पुढे वाका, मान खाली करा. दारू या काळात थेट जिवावर बेतू शकते.

तार निघाल्यावर तोंड जेमतेम बोटभर उघडते. घाबरू नका. सांगितलेला व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा करा. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात गेली की उघडझाप ठीक आहे. कानाजवळचा सांधा मोडलेल्यांनी हा व्यायाम मुळीच टाळू नये, नाहीतर सांधा कायमचा आखडतो.

कामाचा अंदाज असा धरा

पहिले दोन आठवडे पाच किलोपेक्षा जास्त काही उचलू नका. भरलेली घागरसुद्धा याहून जड असते. दोन-तीन आठवड्यांनी बसून करायची कामे चालतील: दुकान, राखण, हिशेब. ६ आठवड्यांनी तपासणी आणि सर्जनला वाटल्यास एक्स-रे. त्यानंतर खुरपणी, वेचणी यांसारखी हलकी कामे. पोती आणि मोळ्या ८ आठवड्यांच्या आधी नकोत. तेव्हाही पहिला आठवडा अर्ध्या वजनाने काढा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे सगळ्यात शेवटी, कारण तिथे ओझ्याबरोबर पडण्याचीही भीती असते.

तोंडावर मार बसू शकेल अशी कामे ३ महिने टाळा. कुस्ती आलीच, पण मारका बैल धरणे आणि डिझेल इंजिनाला हँडल मारणे हेही त्यातच येते. उलटे फिरलेले हँडल चांगला जबडाही मोडते.

मधुमेह असेल, हाड दोन-तीन ठिकाणी मोडले असेल किंवा जखमेत पू झाला असेल तर ही सगळी मुदत वाढते. विडी, तंबाखू, गुटखा चालू असेल तरीही तेच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंड तपासताना ती कुठे दिसत नाही.

कॅन्सरसाठी जबड्याचा भाग काढला असेल तर वरचा हिशेब लावू नका. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली असेल तर हात वर उचलत नाही. मग ओझ्याच्या कामाचा विचार फिजिओथेरपीनंतर, काही महिन्यांनी.

खाणे

शेतात चक्कर येऊन पडणाऱ्या अशा रुग्णांत जबड्यापेक्षा उपासमार हे कारण मोठे असते. महिनाभर पातळ अन्नावर काही किलो वजन सहज उतरते. दिवसातून सहा वेळा घ्या: दूध, ताक, घट्ट वरण गाळून, ज्वारीची पेज, शेंगदाण्याचा बारीक कूट दुधात, चालत असेल तर उकडलेले अंडे दुधात घोटून. तार नसेल तर सर्जनला विचारून मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. कडक भाकरी, हुरडा, ऊस सोलून खाणे दोन महिन्यांनंतरच. दात बांधलेले असताना उन्हाळा असेल तर दर तासाला पाणी प्या, कारण घटाघटा पिता येत नाही.

खालचा ओठ बधिर असेल तर चहा आधी बोटाने तपासा. ओठ भाजला तरी कळत नाही. ही बधिरता बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते.

कागद आणि पैसा

डिस्चार्ज कार्डावर ‘अमुक तारखेपर्यंत जड वजन उचलू नये’ असे मराठीत लिहून घ्या. मुकादमासमोर तोंडी सल्ल्यापेक्षा तो कागद उपयोगी पडतो. कारखान्यात ईएसआयचा विमा असेल आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. इतरांनी ऑपरेशनच्या आधीच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का ते विचारावे.

लगेच परत दाखवा

उतरलेली सूज पुन्हा आली, तोंडात घाण चव किंवा पू आला, ताप आला, दात पूर्वीसारखे जुळेनात, जबड्यात काही हलल्यासारखे किंवा कटकन वाजल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी काम थांबवा. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा.

तोडीला बाहेरच्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात जाणार असाल तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि सर्जनचा फोन नंबर सोबत ठेवा. पुढच्या तपासणीची तारीख निघण्याच्या आधीची घ्या. कोपीवर गेल्यावर कोणी नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला दाखवायला परत येत नाही.