पतसंस्थेवर नियंत्रण कुणाचं? ठेवीदारांना माहीत असायला हवेत असे अधिकार आणि मार्ग

पतसंस्थेत पैसे अडकले की लोक पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेला करतात. काही दिवसांनी उत्तर येतं की हा विषय आमच्या कक्षेत नाही. तोवर वेळ हातची गेलेली असते. म्हणून पतसंस्थेवर नेमकं लक्ष कुणाचं असतं, ती चुकली तर कोण काय करू शकतं आणि आपण कुठे जायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

महाराष्ट्रातल्या पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात. त्यांना बँकिंगचा परवाना नसतो. नावात 'बँक' हा शब्द लावणाऱ्या आणि सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेणाऱ्या सहकारी संस्थांपासून सावध राहा, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता.

सगळ्यात मोठा फरक विम्याचा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. राज्याच्या कायद्यात बिगरकृषी पतसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालून नियामक मंडळाची आणि अडचणीतल्या संस्थांना आधार देणाऱ्या निधीची तरतूद केली आहे. पण तो निधी म्हणजे ठेवीचा विमा नव्हे.

लक्ष ठेवणारी यंत्रणा

तालुक्याला सहाय्यक किंवा उपनिबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, विभागाला सहनिबंधक आणि सगळ्यांच्या वर पुण्यातले सहकार आयुक्त, अशी ही उतरंड आहे. दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. त्यावरून संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. पैशांचा अपहार दिसला तर लेखापरीक्षकाने तसा विशेष अहवाल निबंधकाला द्यायचा असतो.

संस्था एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी, म्हणजे 'मल्टिस्टेट' असेल तर जिल्हा उपनिबंधकाचा तिच्यावर थेट अधिकार चालत नाही. तिच्यावर २००२ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि नियंत्रण दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांचं असतं. २०२३ च्या दुरुस्तीने अशा संस्थांसाठी सहकारी लोकपालाची सोय झाली. सभासदाला आपल्या ठेवीबद्दल त्याच्याकडे तक्रार करता येते.

निबंधकाच्या हातातली हत्यारं

चौकशी (कलम ८३): निबंधक स्वतःहून, लेखापरीक्षकाच्या विशेष अहवालावरून किंवा एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून चौकशी लावू शकतो. एकट्या ठेवीदाराचा अर्जही वाया जात नाही, कारण त्यावरून निबंधक स्वतःहून पाऊल उचलू शकतो.

नुकसानीची जबाबदारी (कलम ८८): चौकशीत संचालक, व्यवस्थापक किंवा कर्मचारी दोषी ठरले तर प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम ठरवली जाते. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे माणसाच्या घरादारावर बोजा चढतो.

संचालक मंडळ दूर करणं (कलम ७८ व ७८ अ): कारभार बिघडलेला असेल तर ठरलेल्या अटींनुसार मंडळ बाजूला करून प्रशासक नेमता येतो.

कर्जवसुली (कलम १०१): थकबाकीदारावर कोर्टात वर्षानुवर्षं दावा न चालवता वसुलीचा दाखला मिळतो. त्यावरून जप्ती आणि लिलाव होतो. ठेवीदारासाठी हे सगळ्यात कामाचं कलम आहे. त्याचे पैसे शेवटी कर्जदारांकडूनच परत यायचे असतात.

अवसायन (कलम १०२): संस्था गुंडाळायची ठरली की अवसायक नेमला जातो. तो मालमत्ता विकून देणी भागवतो.

अवसायन म्हणजे पैसे मिळाले असं मात्र धरून चालू नये. जळगावच्या 'बीएचआर' या मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला. पुढे २०२० मध्ये मालमत्तांच्या विक्रीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्या अवसायकावरच पुणे पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अधिकार कागदावर कितीही असले तरी ते वापरणाऱ्यावरही कुणाचं तरी लक्ष लागतं.

पोलीस आणि कोर्ट

मुदत संपूनही ठेव परत मिळत नसेल तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. लोक त्याला 'एमपीआयडी' म्हणतात. त्यात ६ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय दोषींची मालमत्ता जप्त करून, विशेष न्यायालयाच्या देखरेखीखाली ती विकून ठेवीदारांना पैसे वाटता येतात. याखेरीज ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. सहकार कायदा आहे म्हणून ग्राहकाची दाद बंद होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बिनव्याजी संस्थांचं काय?

आपल्या समाजात बिनव्याजी तत्त्वावर चालणाऱ्या पतसंस्था आहेत. व्याज न घेता सेवाशुल्कावर त्या छोट्या धंदेवाल्यांना उभं करतात. मात्र पतसंस्था म्हणून नोंदणी झाली की त्यांनाही हाच कायदा, हेच लेखापरीक्षण आणि हाच निबंधक. जी योजना कुठेच नोंदलेली नाही, फक्त ओळखीवर चालते, तिच्यावर निबंधकाला पकड नसते. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. चालवणारा माणूस नेक असला तरी हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

ठेव ठेवण्याआधी आणि नंतर

१. नोंदणी क्रमांक बघा आणि संस्था राज्याची की मल्टिस्टेट ते आधीच विचारून घ्या.

२. कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, उपविधी आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात. वर्ग घसरत असेल किंवा थकबाकी वाढत असेल तर तिथेच थांबा.

३. आपल्याला 'नाममात्र सभासद' केलंय का ते तपासा. नाममात्र सभासदाला मत देता येत नाही.

४. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. झाली नाही तर उपनिबंधकांना कळवा.

५. ठेव अडकली तर तोंडी चकरा मारत बसू नका. संस्थेला लेखी मागणी द्या, पोच घ्या, मग निबंधकाकडे अर्ज करा. ठेवपावतीची मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका.

निबंधकाकडे अधिकार भरपूर आहेत, पण त्यातले बरेचसे पैसे गेल्यानंतर कामाला येतात. पैसे जाण्याआधी उपयोगी पडतो तो दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. सभासदांनी तो मागून वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.