विवेकनिष्ठ मानसोपचार

मनुष्याचा संताप, धास्ती वा खिन्नता ही प्रत्यक्ष घटनेतून नव्हे, तर त्या घटनेविषयी त्याने मनाशी बाळगलेल्या समजुतीतून उपजते, आणि घटना पालटणे हातचे नसले तरी समजूत पारखून पालटणे अभ्यासाने साधते, या गृहीतावर उभारलेली ही उपचारपद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास प्रवर्तित केली. मूळचे ते मनोविश्लेषक. परंतु रुग्णाच्या बालपणाची दफ्तरे चाळीत राहूनही त्याचे आजचे दुःख फारसे हलत नाही, असे दिसून आल्यावर त्यांनी फ्रॉइडची वाट सोडली आणि स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्या विचाराचा आधार घेतला.

वरिष्ठांनी चारचौघांत ठपका ठेवला, ही घटना. कारकून रात्रभर तळमळला, हा परिणाम. या दोहोंच्या दरम्यान ‘माझा मान राखला गेलाच पाहिजे’ असे जे फर्मान त्याच्या मनाने परस्पर जारी केलेले असते, ते सहसा त्याच्याही ध्यानी येत नाही, आणि उपचारकाचा सारा रोख मात्र त्यावरच असतो. मान राखला जावा ही इच्छा निर्दोष होय. आक्षेप आहे तो हट्टाग्रहास. तो सुटल्याने कारकून निर्विकार होत नाही. त्याला वाईट वाटतेच, पण तळमळीच्या जागी खेद येतो व सकाळी कामाला हात लागतो. ही पद्धती भावनांचा कोंडमारा करते, अशी तक्रार करणारे हा भेद लक्षात घेत नाहीत.

केवळ युक्तिवादावर एलिस यांची भिस्त नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याची भीड मोडावी म्हणून, ब्राँक्स येथील वनस्पतिउद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी ते महिनाभर संभाषण आरंभीत राहिले. सुमारे शंभर जणींपैकी एकीने भेटण्याचे कबूल केले, तीही आली नाही, भीड मात्र गेली. पुढे रुग्णांनाही ते भुयारी रेल्वेच्या डब्यात स्थानकांची नावे मोठ्याने पुकारावयास लावीत. कृतीचे हे महत्त्व ओळखूनच १९९३ मध्ये पद्धतीच्या इंग्रजी नावात वर्तनाचा समावेश झाला.

महाराष्ट्रात तिचा प्रसार मुख्यतः मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी केला. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. अन्याय सोसणाऱ्यास ही पद्धती निमूटपणा शिकवते काय, हा प्रश्न गंभीर आहे. एलिस यांचे उत्तर असे की, संतापाने अंध झालेल्यापेक्षा स्थिरचित्त मनुष्यच अन्यायाविरुद्ध अधिक नेटाने झगडू शकतो. उत्तर पटण्याजोगे असले तरी, ज्याची रोजीरोटीच वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ते अपुरे पडते.