पेशीची झाडलोट आणि रक्ताचा कर्करोग

नायगावच्या बी. डी. डी. चाळींतून निघालेला माणूस अर्ध्या तासात पायी परळच्या टाटा रुग्णालयापाशी पोहोचतो. या रुग्णालयाची कथा रक्ताच्या कर्करोगापासून सुरू होते, हे मात्र त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा याच रोगाने वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात वारल्या. पैशाला तोटा नव्हता, युरोपातले नामांकित वैद्य हाताशी होते; पण औषधच जगात नव्हते. सर दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावे एक न्यास केला आणि त्यातून या रोगाच्या संशोधनास देशोदेशी साहाय्य मिळू लागले. त्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे विश्वस्तांनी परळला बांधलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले.

औषध नव्हते, कारण पेशी जगते कशी याचेच ज्ञान तोकडे होते; आणि जे होते तेही एकांगी होते. पेशी वाढते कशी, हे सारे विचारीत. तिच्यातला केरकचरा कोण काढतो, हे सहसा कोणी विचारीत नसे. झाडूवाल्याकडे समाजाचे लक्ष नसते, तसेच शास्त्राचेही नव्हते.

पहिले औषध आले ते वाढीच्या बाजूने, आणि त्याचा एक धागा परळचाच आहे. १९२८ पासून डॉ. लुसी विल्स हाफकिन संस्थेत राहून गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. त्यांत गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका होत्या. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग हटतो, असे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. नव्या पेशी घडण्यास ते लागते. पुढे अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी त्याच्याशी मिळतेजुळते पण कामात खोटे ठरणारे द्रव्य बनविले. बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले आणि रोग काही काळ मागे हटल्याचे १९४८ साली जाहीर केले. पेशीला विटाच मिळू द्यायच्या नाहीत, असा हा उपाय होता.

आता मोडतोडीकडे वळू. शरीरातली प्रथिने सतत मोडत असतात आणि सतत नवी घडत असतात, हे जर्मनीतून न्यूयॉर्कला आलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३०च्या दशकात सिद्ध केले. मग १९५३ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पेशीत प्रथिन मोडण्यासही ऊर्जा खर्ची पडते! बांधायला खर्च येतो हे समजते. पाडायला कशाला यावा? पण नायगावच्या माणसाला याचे नवल वाटू नये. सगळी चाळ एकदम पाडणे सोपे. शेजारच्या बिऱ्हाडाला धक्का न लावता मधलीच एक खोली पाडायची, तर खर्च येणारच. पेशीही नेमके एकच प्रथिन निवडून मोडते. खर्च आहे तो या निवडीचा.

ही निवड कशी होते, ते हैफा येथील अॅव्हराम हर्श्को व आरोन चेखानोव्हर आणि फिलाडेल्फियाचे अर्विन रोझ यांनी १९८०च्या सुमारास उलगडले. सशाच्या रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क त्यांनी वापरला. युबिक्विटिन नावाचे एक चिमुकले प्रथिन नको असलेल्या प्रथिनाला चिकटते. गिरणीत सदोष कापडावर खूण करून ते बाजूला काढीत, तशीच ही खूण. खुणेचा माल पिंपाच्या आकाराच्या यंत्रात, प्रोटिआसोममध्ये, जाऊन भुगा होतो. २००४ साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तोवर याचा उपयोग रुग्णशय्येपाशी पोहोचलाही होता. मायलोमा या कर्करोगात अस्थिमज्जेतल्या ठरावीक पेशी बेसुमार वाढतात. या पेशी अहोरात्र प्रतिपिंडे, म्हणजे प्रथिनेच, तयार करतात. जेथे उत्पादन अफाट, तेथे कचराही अफाट. यंत्र बंद पाडले की पेशी आपल्याच केरात गुदमरते. हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग असे द्रव्य शोधीत होते ते झिजणारे स्नायू वाचविण्यासाठी. पण त्या खटपटीतून निघालेले बोर्टेझोमिब मायलोमावर लागू पडले आणि २००३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोग समूळ जातो असे नाही; बहुतेकांत तो पुन्हा डोके वर काढतो. पण मिळालेली वर्षे खरी असतात.

याच्या उलटही घडते. एका प्रकारच्या रक्तकर्करोगात दोन जनुकांचे तुकडे जुळून एक विकृत प्रथिन तयार होते. तेथे झाडलोट थांबवायची नसून त्या प्रथिनावर खूण पडून ते यंत्रात जावे लागते. हे काम आर्सेनिक करते! आमच्या वैद्यांना सोमल जुना परिचयाचा. पण त्याला या रोगावर आणले ते चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी, १९७०च्या दशकात. आज अ जीवनसत्त्वाच्या एका रूपासह ते देऊन असे बहुतेक रोगी बरे होतात. (म्हणून कोणी घरी सोमलाची पुडी आणू नये, ते विषच आहे.)

आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते ती थॅलिडोमाइडची हकीकत. १९६१ पर्यंत युरोपात हे औषध गरोदर स्त्रियांनी निर्धास्तपणे घेतले, आणि हजारो मुले हातपायांच्या व्यंगासह जन्मली. तेच औषध १९९९ साली मायलोमावर उपयोगी ठरले. कसे, ते कोणास सांगता येईना. ते पेशीतल्या खूण करणाऱ्या यंत्रणेला जाऊन चिकटते, हे २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले. आणि त्याच्याच जातीचे नवे औषध त्या यंत्रणेकडून मायलोमाला जगविणाऱ्या दोन प्रथिनांवर खूण करवून घेते, हे २०१४ साली कळले. व्यंगाचे मूळही अशाच भलत्या प्रथिनाच्या नाशात असल्याचे पुढे दिसून आले. ज्या मुलांनी ही किंमत दिली, ती तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.

बोर्टेझोमिब आज बहुधा पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली टोचतात. त्यासाठी रुग्णालयात मुक्काम करावा लागतोच असे नाही. मात्र पुन्हा पुन्हा यावे लागते. परगावच्या माणसाने इतके दिवस मुंबईत राहायचे कोठे? टाटा रुग्णालयात येणारे पुष्कळ रोगी आपल्या शेजारी, दादरला, एका धर्मशाळेत उतरतात. तिला नाव आहे ते गावोगाव हातात खराटा घेऊन फिरलेल्या गाडगे महाराजांचे.