पंधरा वेळा जिंकलेला माणूस

स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरला, ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असं मानतात. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, त्यामुळे ती परत सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते या खेळाच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेबद्दल. ही स्पर्धा एकदा जवळजवळ मेली होती, आणि तिला मारण्यात तिच्या सर्वोत्तम खेळाडूचाच मोठा वाटा होता!

१९२७ साली ही स्पर्धा इंग्लंडमध्ये पहिल्यांदा झाली. तेव्हा खरा मान बिलियर्ड्सला होता, स्नूकर आपलं तोंडी लावण्यापुरतं. अंतिम सामन्यात जो डेव्हिसने टॉम डेनिसला हरवलं आणि त्याला मिळाले साडेसहा पौंड. खेळाडूंच्या प्रवेश फीचे अर्धे पैसे म्हणे करंडकातच गेले!

त्यानंतर जो हरलाच नाही. १९४० पर्यंत दरवर्षी तोच, मग युद्धामुळे खंड, आणि १९४६ ला पुन्हा तोच. एकूण पंधरा विजेतेपदं. मग साहेबांनी जाहीर केलं, की आता जागतिक स्पर्धा बास.

इथपर्यंत ठीक. सचिनही कधीतरी निवृत्त झालाच की. पण गोची अशी, की जो बाकीच्या स्पर्धा आणि प्रदर्शनी सामने खेळतच राहिला. म्हणजे जगज्जेता कोणीही होवो, लोकांना माहीत होतं की खरा बाप तिकडे खेळतोय. त्याचा सख्खा भाऊ फ्रेड इतका चांगला, की जोला बरोबरीच्या सामन्यात हरवणारा तो एकटाच. पण बिचाऱ्याच्या जगज्जेतेपदाला हवी तितकी किंमत कधी आलीच नाही.

१९५२ मध्ये खेळाडू आणि नियामक संस्था यांच्यात वाजलं. अधिकृत स्पर्धेत उरले फक्त दोन खेळाडू! बाकीच्यांनी आपली वेगळी चूल मांडली, तीही १९५७ मध्ये चार खेळाडूंवर येऊन विझली. पुढची सहा वर्षं स्पर्धाच नाही. १९६४ ला ती पुन्हा सुरू झाली खरी, पण एक विजेता आणि त्याला आव्हान देणारा एक, एवढाच जीव.

आमच्या क्षेत्रात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. प्रत्येक टीममध्ये एक असा सीनियर असतो, ज्याच्यावाचून पान हलत नाही. त्याचं कौतुक करता करता आपण हे विसरतो, की तो बाजूला झाला की सगळंच अडणार आहे.

मग स्पर्धा वाचली कशी? १९६९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. स्पर्धा पुन्हा बाद पद्धतीने सुरू झाली, आणि बीबीसीने 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम काढला. रंगीत टीव्ही नवा होता. रंग दाखवायला रंगीबेरंगी चेंडूंच्या खेळाइतकी स्वस्त सोय दुसरी कुठली? लोकांना एक सोडून अनेक खेळाडूंचे चेहरे कळले. १९७७ मध्ये स्पर्धा शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात आली आणि पुढच्या वर्षीपासून बीबीसी ती रोज दाखवू लागली.

याचं फळ दिसलं १९८५ ला. अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस (जोचा कोणी नाही बरं का, नुसतं आडनाव) ८-० ने पुढे. त्या काळातला तोच 'जो' म्हणा ना. पण डेनिस टेलरने १७-१७ अशी बरोबरी केली आणि शेवटच्या फ्रेममध्ये शेवटचा काळा चेंडू घालून सामना जिंकला. पूर्ण सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्याच चेंडूवर! तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये एक कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर जागे होते.

जो डेव्हिसने या स्पर्धेला जन्म दिला, तिला नाव मिळवून दिलं, हे त्याचं ऋण कोणी नाकारत नाही. पण मला वाटतं, ती खऱ्या अर्थाने मोठी झाली ती तिचा सर्वोत्तम खेळाडूही हरू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यावर.