फोड आलेली होडी

आम्ही चार मराठी कुटुंबांनी मिळून इथल्या मिशिगनच्या तळ्यासाठी १९७८ सालची फायबरग्लासची होडी घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून सगळे खूश. थंडीआधी पाण्याबाहेर काढली तर बुडाला देवी आल्यासारखे फोड! एक टोचला, तर आंबूस वासाचं पाणी बाहेर आलं. मी पडलो कॉम्प्युटरवाला, पण बिघाड दिसला की मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही.

मूळ सापडलं न्यू जर्सीत. तिथले रसायनतज्ज्ञ कार्लटन एलिस यांना १९३०च्या दशकात आढळलं, की असंतृप्त पॉलिएस्टरमध्ये स्टायरिनसारखा द्रव मिसळला तर ते कितीतरी लवकर घट्ट होतं. पॉलिएस्टर म्हणजे लांब दोरे. स्टायरिन त्यांच्यात गाठी मारतं. मग हे जाळं पुन्हा वितळत नाही. १९४२ मध्ये आमच्या शेजारच्या टोलिडोत रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टरची होडी केली. १९५३ मध्ये फ्लिंटला पहिल्या ३०० कॉर्व्हेट गाड्यांची बॉडीही काचतंतूंचीच होती.

पण खरी मेख पाककृतीत आहे. पाक एकतारी की दोनतारी यावर लाडू ठरतो ना, तसंच. गाठी बसतात त्या मॅलेइक अनहायड्राइडच्या जागी. ते वाढवलं की प्लास्टिक कडक होतं, उष्णता सोसतं, पण चिक्कीसारखं तडकतं. थॅलिक वाढवलं की गाठी विरळ होतात आणि चिवटपणा येतो. त्यातही ऑर्थो प्रकारात आम्लाचे दोन हात अगदी शेजारी असतात, आयसोत जरा लांब. एवढ्याशा फरकाने आयसोचे दोरे लांब होतात, माल जास्त मजबूत होतो आणि पाण्यालाही दाद देत नाही.

होड्यांना मात्र बहुतेक वेळा स्वस्त ऑर्थोच वापरलं गेलं. पाणी हळूहळू आत झिरपतं, दोरे तोडतं. सुटलेली आम्लं आणि ग्लायकॉल आणखी पाणी ओढून घेतात. गोड्या पाण्यात हे जास्तच, म्हणजे आमचं तळं समुद्रापेक्षा वाईट! तक्रारी इतक्या वाढल्या, की अमेरिकन कोस्ट गार्डसाठी रोड आयलंड विद्यापीठाने त्यावर संशोधन केलं, अहवाल १९८७चा. पुढे अनेक कारखानदारांनी बाहेरच्या थराला व्हिनाइल एस्टर वापरायला सुरुवात केली. त्यात पाण्याला तोडता येतील अशा जागाच कमी असतात.

आमची होडी सध्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये, फोड घासून, वाळत पडली आहे. ती पुरती वाळल्याशिवाय इपॉक्सी लावायचं नाही, असं ठरलंय. मित्राची बायको रोज विचारते, "माझी गाडी आत कधी येणार?"