गोड निघालेला बटाटा

माघ-फाल्गुनात आमच्या गच्चीवर जुन्या धोतरांवर बटाट्याचे वेफर्स वाळत पडायचे. वाळवणाला आई नवा बटाटाच आणायला लावी. एका वर्षी घरातल्या आजारपणात वैशाख सरत आला आणि बाजारात मिळाला तो शीतगृहातला बटाटा. आषाढी एकादशीला त्या वेफर्सचा पहिला घाणा काढला, तर तांबूस-काळा आणि कडसर. शेजारच्या काकूंनी तेलाला नावे ठेवली. आई एवढेच म्हणाली, "बटाटा गोड निघाला."

गोड बटाट्याचा वेफर कडू कसा, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचा माग काढताना बटाट्याच्या वाणांचा इतिहास हाती लागला.

जमिनीबाहेर काढल्यावरही बटाटा जिवंतच असतो. उबेत त्याला कोंब फुटतात; म्हणून तो 2 ते 4 अंश तापमानात ठेवतात. पण त्या थंडीत त्याच्यातील स्टार्चपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होऊ लागतात. कढत तेलात या शर्करांचा अमिनो आम्लांशी संयोग होतो आणि त्यातून काळपट रंग व कडवटपणा येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये वर्णिलेली अभिक्रिया ती हीच.

आपल्याकडे बटाट्याचे बहुतांश पीक हिवाळी. ते निघते आणि लगेच उन्हाळा लागतो, त्यामुळे शीतगृहाला पर्याय नसतो. 1949 मध्ये पाटण्यात स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1956 मध्ये सिमल्याला गेली. मैदानातल्या हिवाळ्याच्या लहान दिवसांत बटाटा नीट फुलत नाही. सिमल्याजवळच्या कुफ्रीत उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत फुलतो, म्हणून संकर तिथे होत. 'कुफ्री ज्योती'सारख्या नावांचे मूळ तेच. 1968 च्या या वाणाकडून अपेक्षा होती ती भरघोस उत्पन्नाची आणि करप्यापासून बचावाची. तळणाचा विचार त्यात नव्हता. भाजीत थोडी गोडी खपून जाते.

तळणाचा विचार अमेरिकेत आधी झाला. 1967 मध्ये पेन्सिल्वेनियात 'लेनापी' हे वाण प्रसारित झाले. सोलॅनम चाकोएन्से या दक्षिण अमेरिकी रानटी जातीचे रक्त त्यात होते. घनांश भरपूर, शर्करा कमी, वेफर फिका सोनेरी. वेफर्सवाल्यांना आणखी काय हवे? पण त्याच्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्येही वाढली होती. 100 ग्रॅम बटाट्यात ती 20 मिलिग्रॅमपर्यंत असली तर चालतात. लेनापीने ती मर्यादा ओलांडली होती. तळल्याने हे विष फारसे कमी होत नाही. 1970 मध्ये वाण मागे घेण्यात आले. त्याचे गुण मात्र वाया गेले नाहीत. लेनापीच्या संकरातून निघालेले 'अटलांटिक' 1976 मध्ये आले आणि वेफर्सचे वाण म्हणून नावाजले. नव्या वाणात ही विषद्रव्ये मोजून पाहण्याची शिस्तही त्या फजितीनंतर पक्की झाली.

भारतात खास वेफर्ससाठीची 'कुफ्री चिपसोना-1' आणि 'चिपसोना-2' ही वाणे 1998 मध्ये आली. घनांश 20 टक्क्यांहून अधिक आणि तळल्यावर काळवंडवणाऱ्या शर्करा 0.1 टक्क्याच्या आत, ही वेफर्सच्या बटाट्याची कसोटी. तरीही 4 अंशांच्या थंडीत ठेवलेला बटाटा गोड होण्याची अडचण नुसत्या वाणाने सुटली नाही. तळणाचा बटाटा 10 ते 12 अंशांत ठेवावा लागतो, आणि तिथे कोंब दाबायला औषधाची धुरी द्यावी लागते.

आईची कसोटी एकच होती: घाणा पांढरा निघाला पाहिजे. लेनापी घडवणाऱ्यांचे डोळेही घाण्याच्या रंगावरच होते. वाण आपण विचारू तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे देते. न विचारलेल्याचे उत्तर ते पोटात ठेवते. आईचा एक डबा फुकट गेला, इतकेच. वाण मात्र गावोगावच्या ताटांत जाते.