क्वासिमोदोचा चेहरा

ईस्टरनंतरच्या रविवारी लॅटिन मिस्साचा प्रारंभ ज्या शब्दांनी होई, त्यांतील ‘क्वासिमोदो’ हे नाव व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८३१च्या कादंबरीत, त्याच रविवारी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये सापडलेल्या बालकास मिळाले. पाठीस कुबड, लाल केस, उजवा डोळा चामखिळीखाली झाकलेला, घंटानादाने आलेला बहिरेपणा, हे त्याचे मूळ रूप. लॉन चेनी (१९२३) व चार्ल्स लॉटन (१९३९) यांनी जड रंगभूषेने ही विद्रूपता पडद्यावर आणली. १९९६च्या डिस्ने चित्रपटात मात्र चेहरा सौम्य झाला, बहिरेपण गेले. आम्हांस वाटते, येथे मर्मच हरवले. ज्या घंटांनी बहिरे केले, त्यांच्यावरच त्याचे प्रेम होते! चेहरा सुसह्य केला की पाहणाऱ्याच्या प्रेमाची कसोटीच टळते.